२४ पानांच्या निबंधाचं पुस्तक करताना

माझा शोधनिबंध २४ पानांचा होता, त्यातली साडेपाच पानं नुसत्या तळटीपांची. विषय होता १८५८ सालची अटलांटिक महासागराखालची पहिली तारायंत्राची केबल. ५ ऑगस्टला ती आयर्लंड आणि कॅनडाच्या किनाऱ्याजवळचं न्यूफाउंडलंड बेट यांच्यात जोडून झाली आणि सप्टेंबरात मुकी पडली. दोष नेहमी एकाच माणसाच्या माथी मारला जातो. कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यानं सुमारे २,००० व्होल्टचा दाब देऊन ती जाळली, असं सगळे सांगतात. तारेवरचं गटापर्चाचं (हा रबरासारखा, वीज अडवणारा पदार्थ) आवरण आधीपासूनच सदोष होतं आणि व्हाइटहाउसनं आजारी केबलचं मरण फक्त जवळ आणलं, असं मी मांडलं होतं. हे म्हणणारी मी पहिली नव्हे, पण आवरणाच्या बाजूचे पुरावे ओळीनं लावण्याचं काम मी केलं. परीक्षकांनी दोनदा दुरुस्त्या काढल्या आणि मग निबंध छापून आला.

त्यानंतर एका मैत्रिणीनं सुचवलं, याचं पुस्तक कर. मी हिशेब केला तो असा: २४ पानांची २४० करायची, म्हणजे दर पानाची दहा. त्या हिशेबानं मी दीड वर्षात एक अख्खं हस्तलिखित लिहिलंसुद्धा. एका प्रकाशनाच्या संपादकांनी ते परत पाठवलं. वर पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं होतं: ‘प्रत्येक प्रकरण वाद घालतंय. सांगतंय कोण?’

राग आला. हस्तलिखित तसंच टेबलावर पडून होतं, ते आईनं चाळायला घेतलं. चाळीसेक पानांनंतर तिनं विचारलं, “त्या डॉक्टरचं पुढे काय झालं गं?” व्हाइटहाउस मुळात शल्यचिकित्सक होता, आणि ही माहिती माझ्या निबंधात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे १९व्या तळटीपेत. आईनं बाकीचं सगळं ओलांडून नेमकी तीच उचलली होती.

तिथून मी पुन्हा शून्यापासून लिहायला घेतलं. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेतलं आहे.

पहिलं काम म्हणजे निबंध कपाटात ठेवून द्यायचा. कमीत कमी महिनाभर तो उघडायचा नाही. समोर असला की त्याचीच वाक्यं बोटांतून उतरतात आणि ती वाक्यं परीक्षकांच्या धाकानं लिहिलेली असतात. या महिन्यात एकच गोष्ट शोधायची, नवा प्रश्न. निबंधाचा प्रश्न पुस्तकाला पुरत नाही. ‘केबल का बंद पडली?’ या प्रश्नाचं उत्तर मला दोन वाक्यांत देता येत होतं, निबंधाच्या सारांशात दिलंही होतं. दोन वाक्यांत उत्तर मिळाल्यावर तिसरं प्रकरण कोण वाचेल?

मला नवा प्रश्न सापडला तो विल्यम टॉमसनमुळे. हा भौतिकशास्त्रज्ञ पुढे लॉर्ड केल्विन झाला. केबल जितकी लांब तितका संदेश रेंगाळतो आणि दुप्पट लांबीला तो दुप्पट नव्हे तर चौपट रेंगाळतो, हे त्यानं आधीच मांडलं होतं. उपायही सांगितला होता, तांबं जाड घ्या, आवरण जाड घ्या. व्हाइटहाउसनं त्याला जाहीरपणे खोडून काढलं. शेवटी केबल बनली ती बारीकच, दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबं आणि २६१ पौंड गटापर्चा. आणि हाच टॉमसन त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होता, केबल टाकायला निघालेल्या जहाजावरही चढला होता. म्हणजे ज्याला धोका कळत होता तो स्वतः जहाजावर उभा राहून ती समुद्रात सोडत होता. का? या ‘का’ला दोन वाक्यांत उत्तर नाही. पैसा आहे, घाई आहे, ऑर्डर आधीच देऊन बसल्याची अडचण आहे, ‘बघू तर काय होतंय’ हा संशोधकाचा मोह आहे.

प्रश्न पुस्तकाचा आहे की निबंधाचा, हे तपासायला मी एक साधी युक्ती वापरते. इतिहासाशी संबंध नसलेल्या माणसाला तो बोलून दाखवायचा. माणूस ‘अच्छा’ म्हणाला तर तो निबंधाचा. ‘मग?’ म्हणाला तर बसा लिहायला.

आता निबंध कपाटातून काढा आणि त्याच्यावर पेन्सिल चालवा. पूर्वसंशोधनाचा आढावा पूर्ण काढायचा. संशोधनपद्धतीचा भाग काढायचा. ‘अमुक यांच्या मताशी प्रस्तुत लेखिका सहमत नाही’ अशा जागा काढायच्या. हे जिवावर येतं, कारण आपली मेहनत तिथेच जास्त झालेली असते. पण आधीच्या अभ्यासकांशी असलेलं आपलं भांडण वाचकाला माहीत नसतं, आणि ओळख नसलेल्या घरातली भांडणं ऐकायला कुणी थांबत नाही. वाद खरोखर महत्त्वाचा असेल तर तो मागच्या टिपांत घाला, सविस्तर घाला. माझ्या निबंधाच्या २४ पानांतली, मोजून सांगते, साडेसहा पानं उरली. ती पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात गेली. प्रकरणं एकूण अकरा आहेत.

उरलेल्या पानांचीही भाषा बदलावी लागते, आणि इथे मला सर्वात जास्त वेळ लागला. निबंधातलं माझं एक वाक्य जसंच्या तसं देते:

‘साठवणुकीच्या काळातील तापमानवाढीमुळे गटापर्चा आवरणाच्या एककेंद्रीयतेत विचलन निर्माण झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

यात चूक काही नाही. पण कुठे, कधी, कुणाच्या डोळ्यांसमोर, यातलं काहीच नाही. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे तर मी स्वतःला वाचवायला लिहिलं होतं. पुस्तकात तेच असं झालं:

‘१८५७च्या उन्हाळ्यात ग्रिनिचच्या कारखान्यात तयार केबलचा काही भाग उघड्यावर राहिला. गटापर्चा उन्हानं मऊ पडतं. आवरण मऊ पडलं की आतली तांब्याची तार मधोमध राहत नाही, एका बाजूला सरकते आणि त्या बाजूला आवरण पातळ होतं. बाहेरून पाहिलं तर केबल पहिल्यासारखीच गोल दिसते.’

शेवटचं वाक्य नवीन आहे. हा दोष तेव्हा कुणालाच का दिसला नाही, हे मला ते लिहिताना पहिल्यांदा कळलं. निबंधात हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. विचलन म्हटलं की ते आपोआप अदृश्य असतं, त्याकडे बघायला कुणी लागत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की भाववाचक नामं एकेक करून फोडा. ‘विचलन’, ‘समन्वयाचा अभाव’, ‘संस्थात्मक दबाव’, प्रत्येकाच्या आत कुणीतरी काहीतरी करत असतं. माझ्या निबंधात ‘उत्पादकांमधील समन्वयाचा अभाव’ असं होतं. प्रत्यक्षात काय होतं? अर्धी केबल लंडनमधल्या ग्रिनिचला बनली, अर्धी लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडला, आणि बाहेरच्या लोखंडी तारांचा पीळ एका कारखान्यानं एका दिशेनं दिला, दुसऱ्यानं उलट्या. भर समुद्रात दोन्ही टोकं जोडायची होती. नुसती जोडली असती तर दोन्ही पीळ एकमेकांना उलगडत गेले असते. शेवटी त्या सांध्यासाठी खास लाकडी आधार करावा लागला. या तीन ओळी वाचून लोक हसतात. ‘समन्वयाचा अभाव’ वाचून कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

यानंतरचं काम विस्ताराचं, आणि इथे बरेचजण वाहवत जातात. मीही गेले. विस्तार तीन दिशांना होतो: काळात मागे, काळात पुढे आणि आजूबाजूला.

मागे गेले तर गटापर्चा भेटलं. हा मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओ इथल्या जंगलांतल्या झाडांचा चीक. सिंगापूरला असलेला विल्यम माँटगोमरी नावाचा डॉक्टर १८४३ साली त्याचे नमुने लंडनला पाठवतो. पुढच्या काही वर्षांत मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाला कळतं की हा पदार्थ वीज उत्तम अडवतो, समुद्राच्या पाण्यातसुद्धा. चीक काढायला झाड तोडावं लागायचं. म्हणजे अटलांटिकच्या तळाशी जे निजलं ते मुळात जंगलच होतं. हे माझं दुसरं प्रकरण झालं.

पुढे गेले तर १८६५ची तुटलेली केबल, १८६६ची यशस्वी केबल आणि ती टाकणारं ग्रेट ईस्टर्न हे अजस्र जहाज. या वेळी तांबं दर सागरी मैलाला ३०० पौंड, गटापर्चा ४००. टॉमसन बारा वर्षांपूर्वी जे सांगत होता तेच, फक्त आता ऐकलं गेलं. याच जहाजानं १८७० साली मुंबई आणि एडन यांच्यातली केबल टाकली. तिथपर्यंत जायचं का, यावर मी दोन महिने घालवले. तो भाग लिहिलाही होता, चांगला ३० पानांचा. पण माझा प्रश्न ‘धोका माहीत असूनही का’ हा होता आणि १८७०मध्ये तो धोका उरलाच नव्हता. ती ३० पानं काढली. पुस्तक १८६६च्या सप्टेंबरात संपतं, आदल्या वर्षी तुटून समुद्राच्या तळाशी गेलेली केबल शोधून वर काढली आणि तिचं काम पूर्ण झालं तिथे. पुस्तक कुठे थांबवायचं हे तारीख ठरवत नाही, प्रश्न ठरवतो. प्रश्न मिटला की दुकान बंद करायचं, पुढे कितीही रंजक काही दिसत असलं तरी.

आजूबाजूला जाणं सर्वात धोक्याचं. गटापर्चाचे गोल्फचे चेंडू व्हायचे. त्यावर माझ्याकडे बारा पानं होती. आज पुस्तकात दोन वाक्यं आहेत. उलट एक गोष्ट निबंधात आली नव्हती, कारण ती ‘तांत्रिक’ नव्हती. १८५८च्या त्या मरणपंथाला लागलेल्या केबलवरून ब्रिटिश सरकारनं कॅनडातल्या आपल्या सैन्याला निरोप पाठवला की निघू नका. १८५७चा उठाव मोडत आला होता, पलटणी हलवण्याची गरज उरली नव्हती. या निरोपामुळे सुमारे ५० हजार पौंड वाचल्याचं सांगतात. केबल जेमतेम काही आठवडे जगली, पण एवढ्यात तिनं सरकारला पटवलं की हा खेळ पुन्हा खेळण्यासारखा आहे. माझ्या ‘का’च्या उत्तराचा हा मोठा तुकडा होता, आणि मी तो पाच वर्षं बाजूला ठेवला होता.

साहित्य हाताशी आलं की तारीखवारी करा. मी एक लांब तक्ता केला. डावीकडे तारीख, मग घटना, मग कुणाला ती कळली आणि कधी, शेवटी संदर्भ. तिसरा रकाना मी उशिरा घातला आणि त्यानंच पुस्तक उभं केलं. १६ ऑगस्ट १८५८ला राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश गेला. १७ तारखेच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये आतषबाजी झाली आणि तिनं तिथल्या सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली. टिफनी या तिथल्या जवाहिऱ्यांच्या दुकानानं उरलेल्या केबलचे चार-चार इंचांचे तुकडे ५० सेंटला विकायला काढले. आणि केबल तेव्हा आतून मरत होती. हे लोकांना माहीत नव्हतं, टोकावर बसलेल्या तारमास्तरांना माहीत होतं. एका रकान्यात रोषणाई आणि शेजारच्या रकान्यात अडखळणारे संदेश, हे समोरासमोर दिसल्यावर सहावं प्रकरण जवळपास आपोआप लिहून झालं.

प्रकरणं विषयवार पाडू नका. ‘तंत्रज्ञान’, ‘अर्थकारण’, ‘राजकारण’ अशी माझी पहिली विभागणी होती. तीत व्हाइटहाउस तीन वेळा कामावरून काढला जायचा, एकदा प्रत्येक प्रकरणात. वाचकाला वाटायचं हा माणूस परत परत नोकरीला लागतो तरी कसा.

मग मूळ साधनांकडे परत जावं लागतं. ‘मी ते सगळं वाचलंय’ असं वाटतं, पण निबंधासाठी वाचताना आपण आपल्या मुद्द्यापुरतंच वाचलेलं असतं. १८६१ साली ब्रिटिश सरकारचं व्यापार मंडळ आणि केबल कंपनी यांच्या संयुक्त समितीनं मोठा अहवाल दिला. तज्ज्ञांच्या साक्षी, प्रश्नोत्तरं, सगळं त्यात आहे. निबंधाच्या वेळी मी त्यात ‘गटापर्चा’ शब्द शोधला आणि तेवढीच पानं वाचली. पुस्तकासाठी पहिल्या पानापासून वाचला. प्रश्नोत्तरांत माणसं बोलताना ऐकू येतात. कोण टाळाटाळ करतोय, कोण दुसऱ्यावर ढकलतोय, हे कळतं. आपल्या पानाच्या मागची पुढची दहा-दहा पानं वाचायची, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ हाती लागतं.

आकड्यांबाबत मात्र कडक राहा. राणीचा तो ९८ शब्दांचा संदेश जायला किती वेळ लागला? बहुतेक ठिकाणी १६ तास लिहिलेलं असतं. काही ठिकाणी साडेसतराच्या वर. निबंधात मी हा आकडा दिलाच नव्हता, म्हणून वाचले होते. पुस्तकात तो टाळता येईना, वाचकाला पहिलं तेच विचारायचं असतं. मी आठवडाभर उलटी पावलं टाकत गेले. या पुस्तकानं त्या पुस्तकावरून घेतलं, त्यानं आणखी कुणावरून. बऱ्याच ठिकाणी घड्याळ कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं याचाच पत्ता नव्हता. शेवटी मजकुरात ‘सुमारे १६ तास’ लिहिलं आणि मागच्या टिपेत दोन्ही आकडे कुठून आले ते दिलं. वाचकाचं वाचन अडत नाही आणि खोदणाऱ्याला कुदळ मिळते.

प्रसंग उभे करण्याची भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. इतिहासकार कल्पनेला घाबरतो आणि घाबरावंच. मी ठेवलेली हद्द सांगते: हवामान, हालचाल, संवाद, यातलं काहीही साधनात नसेल तर लिहायचं नाही. ‘टॉमसननं निःश्वास टाकला’ असं माझ्या पुस्तकात कुठेही नाही. पण साधनात असतं ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा किती तरी जास्त असतं. जून १८५८मध्ये अ‍ॅगमेम्नॉन जहाज वादळात सापडलं. वृत्तपत्राचा बातमीदार जहाजावर होता, त्यानं सगळं लिहून ठेवलंय. कोळसा सुटून डेकवर घरंगळला, माणसं जखमी झाली, पोटातल्या केबलच्या वजनानं जहाज उलटतंय की काय असं झालं. मला त्यात एक विशेषणही घालावं लागलं नाही. जिथे साधन गप्प आहे तिथे ‘या तीन दिवसांची नोंद मिळत नाही’ असं सरळ लिहून टाका. त्यानं पान उलट जिवंत होतं.

आणि माणसं. निबंधात माणसं आडनावापुरती येतात. पुस्तकात त्यांना दारातून आत आणावं लागतं आणि जाताना निरोपही द्यावा लागतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर मी आठव्या प्रकरणात दिलं. केबल मरायच्या आधीच व्हाइटहाउसला कंपनीनं काढलं, तो गप्प बसला नाही, वृत्तपत्रांतून आणि पत्रकांतून भांडत राहिला, आणि १८९०मध्ये वारला. माझ्या निबंधातला त्याचा अर्धा बचाव त्याला वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला उगीचच वाटतं.

पहिलं प्रकरण शेवटी लिहा. माझं सुरू होतं दातांच्या डॉक्टरकडे. रूट कॅनालमध्ये पोकळी भरायला आजही गटापर्चा वापरतात. समुद्राच्या तळाशी जे होतं तेच वाचकाच्या दाढेत असू शकतं, हे मला चार वर्षांच्या कामानंतर सुचलं, तेही खुर्चीत तोंड उघडं ठेवून.

कोरडी कामं भराभर सांगते. निबंध ज्या नियतकालिकात छापला त्याच्याकडे पुनर्वापराची लेखी परवानगी मागा, करारपत्र बहुतेक कुणी वाचलेलं नसतं. चित्रांचे हक्क लवकर तपासा. मूळ चित्र जुनं म्हणून मोकळं असलं तरी संग्रहालयानं काढलेल्या फोटोचे नियम वेगळे असू शकतात. नकाशे दोनच घ्या पण स्वच्छ काढून घ्या. प्रकाशकाला अख्खं हस्तलिखित आधी पाठवू नका. प्रश्न काय, वाचक कोण, प्रकरणवार आराखडा आणि एक पूर्ण लिहिलेलं प्रकरण एवढं पाठवा. ते प्रकरण निबंधातून आलेलं नसावं. मी दुसऱ्या खेपेला आतषबाजीचं पाठवलं.

तळटीपा पानाखालून काढून मागे न्या, पण एकही गाळू नका. संख्या वाढेल. माझ्या ९४ होत्या, त्या सहाशेच्या पुढे गेल्या.

सूची सर्वात शेवटी करायची, पानांचे आकडे पक्के झाल्यावर, आणि शक्यतो स्वतः करायची. पुस्तक आलं तेव्हा आईनं ते उलट्या बाजूनं उघडलं. चष्मा लावून सूचीत ‘व्ह’वर बोट ठेवलं, पानांचे आकडे मनात म्हटले आणि थेट आठव्या प्रकरणावर गेली.